सिलिकोसिस एक्स-रेच्या आधी पकडायचा तर: सीसी१६ रक्ततपासणी फौंड्रीत आणि दगडकामावर कशी राबवायची

सिलिकोसिस म्हणजे वाळू-दगडातल्या सिलिकाच्या धुळीने होणारा फुफ्फुसाचा आजार. त्याचे बारीक गोल ठिपके एक्स-रेवर दिसायला लागतात, तोवर फुफ्फुसात जे व्हायचं ते बरंचसं होऊन गेलेलं असतं. नेहमीच्या संथ प्रकारात धुळीतली दहा-पंधरा वर्षं सरल्यावर ठिपके उमटतात. कामगाराला तोपर्यंत जिना चढताना थोडी धाप लागते, एवढंच. तीही तो वयावर नाहीतर विडीवर ढकलतो. कडक झालेलं फुफ्फुस पुन्हा मऊ करणारं औषध नाही, आणि धूळ सोडल्यावरही रोग पुढे सरकू शकतो. त्यामुळे माणसाला धुळीतून कधी बाहेर काढलं यावर जवळजवळ सगळं अवलंबून असतं. रक्तातल्या मार्करचा, म्हणजे आजाराची आधीच खूण देणाऱ्या घटकाचा, उपयोग तिथे आहे.

हे लिखाण फौंड्री, क्रशर, दगडकटाई, काच-सिरॅमिक अशा ठिकाणी तपासणी करणाऱ्या डॉक्टरांसाठी, सेफ्टी ऑफिसरसाठी आणि युनियनच्या कार्यकर्त्यांसाठी आहे. स्वतःच्या हातात रिपोर्ट आलेल्या कामगारालाही ते वाचता यावं, असा प्रयत्न केला आहे.

मार्कर म्हणजे काय मोजतो आपण?

श्वासनलिका फांद्या फुटत फुटत जिथे अगदी बारीक होतात, तिथे क्लब पेशी असतात. त्या सीसी१६ नावाचं एक छोटं प्रथिन तयार करतात आणि त्यातलं थोडं रक्तात झिरपतं. सिलिकाची धूळ नेमकी याच बारीक नळ्यांपर्यंत पोचते आणि क्लब पेशी मारते. पेशी कमी झाल्या की प्रथिन कमी, आणि रक्तातला आकडाही खाली. म्हणजे साखर किंवा युरिक अॅसिडसारखं ‘वाढलं तर वाईट’ असं इथे नाही. इथे कमी झालं की वाईट. लॅबच्या यादीत हेच प्रथिन सीसी१०, क्लारा सेल प्रोटीन किंवा युटेरोग्लोबिन या नावानेही सापडेल. वेगळी चाचणी समजून परत पाठवू नका.

आपल्याकडे या कामाचा पाया अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने घातला. ही आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची संस्था. त्यानंतर मुंबईतल्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेच्या शाखेतल्या संशोधकांच्या साथीने जागेवर वापरता येईल अशी पट्टी तयार झाली आणि २०२१ मध्ये त्याचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. १०६ रक्तनमुन्यांवर ती पडताळली होती: संवेदनशीलता (आजारी माणसं पकडण्याचं प्रमाण) १०० टक्के, विशिष्टता (निरोगी माणसांना निरोगी म्हणण्याचं प्रमाण) ९५ टक्के. आकडे देखणे आहेत. पण १०६ नमुने म्हणजे फार नाहीत, हे लक्षात ठेवूनच पुढे जाऊ.

पायरी १: कोणाचं रक्त काढायचं हे आधी ठरवा

सरसकट सगळ्या कारखान्याचं रक्त काढलं तर पैसा जातो आणि घबराट तेवढी हाती लागते. गणित करून पाहा. समजा २०० माणसं तपासली, ऑफिस, गेट, कँटीन सगळे धरून, आणि त्यात खरा आजार दहा जणांना आहे. पट्टी दहाही जणांना पकडेल. पण उरलेल्या १९० निरोगी माणसांपैकी पाच टक्के, म्हणजे साधारण दहा जण, उगाच पकडले जातील. वीस जणांना चिठ्ठी गेली आणि त्यातले निम्मे धडधाकट. उलट जिथे धूळ खरोखर जास्त आहे अशी वीस माणसांची टोळी घ्या, त्यात आठ जण आजारी आहेत असं धरा. उगाच पकडला गेलाच तर एखादाच. पट्टी तीच, पण रिपोर्टवरचा भरवसा दोन्हीकडे वेगळा.

म्हणून आधी शॉपफ्लोअरवर फिरा आणि धुळीचा नकाशा काढा. नुसती कामाची यादी मागवू नका. रजिस्टरमध्ये ‘हेल्पर’ लिहिलेला माणूस दिवसभर नेमकं काय करतो, हे तिथे उभं राहिल्याशिवाय कळत नाही. फौंड्रीत पाहायच्या जागा ठरलेल्या आहेत. वाळूचा प्लांट, जिथे वाळू चाळली जाते. नॉकआउट, जिथे तापलेला साचा फोडून कास्टिंग बाहेर काढतात. फेटलिंग आणि ग्राइंडिंग, जिथे कास्टिंगला चिकटलेली वाळू घासून काढतात. या तिन्ही ठिकाणी वाळू जवळजवळ शुद्ध स्फटिक सिलिका, म्हणजे क्वार्ट्‌झ असते, आणि नॉकआउटवर ती कोरडी, भाजलेली असते.

पण सगळ्यात वाईट काम बहुतेकांच्या नजरेतून सुटतं: इंडक्शन फर्नेसचं, म्हणजे विजेच्या भट्टीचं, जुनं लायनिंग (आतलं अस्तर) तोडणं. हे लायनिंग सिलिका रॅमिंग मासचं, म्हणजे ठासून बसवलेल्या सिलिकाच्या भुकटीचं असतं आणि वारंवार तापल्यामुळे त्यातल्या क्वार्ट्‌झचा काही भाग क्रिस्टोबलाइट, म्हणजे सिलिकाचंच दुसरं स्फटिकरूप, होतो. फुफ्फुसाला तोही क्वार्ट्‌झइतकाच नकोसा. भट्टीच्या पोटात वाकून किंवा आत उतरून, हातोडा नाहीतर ब्रेकर घेऊन माणूस ते फोडतो. जागा बंदिस्त, वारा नाही, फोडलेल्या तुकड्यांची पांढरी भुकटी भुवयांवर बसलेली. हे काम महिन्यातून काहीच वेळा निघतं आणि बहुधा ठेकेदाराच्या माणसांकडे जातं. त्यामुळे ती माणसं ना कंपनीच्या हेल्थ रजिस्टरमध्ये असतात, ना वार्षिक तपासणीत. यादीत पहिलं नाव त्यांचं लिहा.

दगडकामात दगड कोणता हे विचारा. पुणे, सातारा, नगरकडचा काळा दगड म्हणजे बेसाल्ट, आणि त्यात मोकळा क्वार्ट्‌झ अगदी थोडा. ती धूळ निरुपद्रवी आहे असं मी म्हणत नाही, त्याने खोकला-दमा होतोच. पण ग्रॅनाइट, वालुकाश्म, क्वार्ट्‌झाइट यांच्या मानाने सिलिकोसिसचा धोका तिथे कमी. याउलट सिंधुदुर्गात कासार्डे परिसरातल्या सिलिका वाळूच्या खाणी, किंवा स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी लागणारा कृत्रिम क्वार्ट्‌झचा दगड कापणारी दुकानं. या कृत्रिम दगडात सिलिका ९० टक्क्यांच्याही वर असू शकते. ऑस्ट्रेलियाने तर १ जुलै २०२४ पासून त्यावर बंदीच घातली. शहरातल्या गाळ्यात पाणी न मारता हा दगड कापणारी तरुण पोरं सिलिकोसिसच्या कुठल्याच सरकारी यादीत नसतात. तिथे दहा वर्षं थांबू नका. धूळ फार असेल तर पाच वर्षांच्या आतही रोग बळावतो.

प्रत्येकाची कामाची कुंडली एका पानावर घ्या: कुठल्या गावी, कुठल्या खात्यात, किती वर्षं, पाणी मारून की कोरडं, मास्क कोणता. आधीच्या नोकऱ्या विसरू नका. आज वॉचमन असलेला माणूस वीस वर्षं क्रशरवर होता, हे तो आपणहून सांगत नाही.

पायरी २: रिपोर्ट कोणाच्या हातात जाणार?

हे रक्त काढण्याआधी ठरलं नाही तर पुढचं सगळं फुकट. आकडा कमी आला म्हणून कामगाराला ‘तब्येतीच्या कारणास्तव’ घरी बसवलेलं मी पाहिलं आहे. पुढच्या वर्षी त्या खात्यातला एकही माणूस तपासणीला आला नाही. त्यांचं चुकलं असं म्हणवत नाही.

त्यामुळे व्यवस्थापनाकडून तीन गोष्टी लेखी घ्या. रिपोर्टची प्रत कामगाराला मिळेल. आकडा पाहून कोणाला कामावरून काढणार नाहीत. आणि धुळीतून हलवायची वेळ आलीच तर पगार कमी होणार नाही. कामगाराची संमती मराठीत, आणि परप्रांतीय असेल तर त्याच्या भाषेत वाचून दाखवून घ्या. अंगठा घेणार असाल तर साक्षीदार त्याच्या टोळीतलाच असू द्या, सुपरवायझर नको. धोकादायक प्रक्रियेतल्या कामगाराची आरोग्यनोंद ठेवणं आणि ती त्याला पाहू देणं ही जबाबदारी कारखाने अधिनियमाच्या ४१-सी कलमाने मालकावर टाकलेली होती. कामावर घेण्याआधी आणि नंतर जास्तीत जास्त बारा महिन्यांच्या अंतराने तपासणी, हेही त्याच कलमात होतं. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेनेही आरोग्यनोंदीची जबाबदारी मालकावरच ठेवली आहे. तेव्हा हे सगळं आपण मेहेरबानी म्हणून मागत नाही.

पायरी ३: नमुना

रक्त काढणं सोपं आहे. पण नंतर आकड्यांची तुलना करायची असेल तर दरवर्षी ते एकाच पद्धतीने काढावं लागतं.

वेळ ठरवून टाका. सीसी१६ दिवसभरात खालीवर होतं. मी सकाळची पाळी सुरू व्हायच्या आधीची वेळ धरतो. याला आणखी एक कारण आहे. जोराचं अंगमेहनतीचं काम किंवा झोंबणारा धूर-वायू यांनंतर फुफ्फुसाचं अस्तर तात्पुरतं गळकं होतं आणि सीसी१६ रक्तात जास्त उतरतं. पाळी संपल्यावर काढलेला नमुना त्यामुळे खोटा दिलासा देऊ शकतो. ताप-सर्दी-खोकला चालू असेल तर दोन-तीन आठवडे थांबा.

साध्या लाल किंवा जेलच्या पिवळ्या बुचाच्या नळीत तीन-चार मिलिलिटर रक्त घ्या. अर्धा तास उभी ठेवून गोठू द्या, मग सेंट्रिफ्यूज करून सीरम वेगळं काढा. नळी हलवत, मोटरसायकलच्या डिकीत ठेवून तालुक्याच्या लॅबला नेली की रक्तपेशी फुटतात आणि सीरम लालसर येतं. असा नमुना टाकून द्या आणि पुन्हा घ्या. त्याच दिवशी चाचणी होणार असेल तर सीरम फ्रीजमध्ये चालतं, नाहीतर डीप फ्रीझरमध्ये ठेवायचं. एकदा वितळवलेलं पुन्हा गोठवायचं नाही, म्हणून आधीच दोन छोट्या कुप्यांत वाटून ठेवलेलं बरं.

त्याच सुईत क्रिएटिनिनसाठी, म्हणजे मूत्रपिंडाचं काम दाखवणाऱ्या चाचणीसाठीही रक्त घ्या. हे नक्की करा, कारण पाचव्या पायरीत त्यावाचून अडेल.

नमुन्यासोबतच्या चिठ्ठीवर एवढं हवं: वेळ, आजची विडी-सिगारेट, एकूण किती वर्षं ओढतो, दमा किंवा सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार) आहे का, आधी टीबी झाला होता का, आणि आतापर्यंत धुळीत किती वर्षं. चिठ्ठी नसलेला नमुना घेऊच नका.

पायरी ४: पट्टी की एलायझा

मघाशी सांगितलेल्या पट्टीवर सोन्याच्या नॅनोकणांना जोडलेली प्रतिपिंडं असतात आणि चाचणीच्या भागात तीन रेषा उमटू शकतात. सीसी१६ ६ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर किंवा त्याहून कमी असेल तर एक रेषा, ६.१ ते ९ मध्ये दोन, ९ च्या वर तिन्ही. पट्टी नीट चालली एवढंच दाखवणारी नियंत्रण रेषा यात मोजायची नाही.

इथे माणसं हमखास फसतात. कोविडमध्ये अख्ख्या महाराष्ट्राला एक धडा मिळाला आहे: जास्तीची रेषा आली की झालं. तोच माणूस तिन्ही रेषा पाहून घाबरतो, आणि एकच रेषा आलेला सुटलो म्हणून खुशीत घरी जातो. शिबिरात रिपोर्ट देणाऱ्या आशाताई किंवा परिचारिका असतील तर त्यांनाही हे आधी दोनदा समजावून सांगा. मी तर रेषांची संख्या कामगाराला सांगतच नाही. चिठ्ठीवर ‘आत्ता एक्स-रे’, ‘एक्स-रे आणि फेरतपासणी’, ‘पुढच्या वर्षी’ असं लिहून देतो. रेषांची भाषा आपल्यापुरती.

पट्टी मिळाली नाही तर एलायझा, म्हणजे प्रतिपिंडं वापरून नेमका आकडा देणारी प्रयोगशाळेतली चाचणी. मोठ्या संशोधन संस्थांच्या किंवा वैद्यकीय महाविद्यालयांच्या प्रयोगशाळेत ती होऊ शकते. ९६ खान्यांच्या प्लेटवर होणारी चाचणी असल्याने पाच-दहा नमुने पाठवून परवडत नाही, एकदम सत्तर-ऐंशी जमवून पाठवावे लागतात. प्रत्येक नमुना दोन खान्यांत लावायला सांगा. दोन आकड्यांत मोठी तफावत आली तर लॅबने ती चाचणी परत करावी. सीरम पातळ करताना होणारी चूक ही इथली सगळ्यात जुनी डोकेदुखी. एका प्लेटचे सगळेच आकडे विचित्र खाली आले तर माणसांवर संशय घेण्याआधी पिपेटवर घ्या.

एककाकडे नजर ठेवा. नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर आणि मायक्रोग्रॅम प्रति लिटर हे आकड्याने सारखेच. पण पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर असेल तर ९ चे ९००० होतात.

एलायझा वापरणाऱ्यांनी ‘९’ हा आकडा डोळे मिटून उचलू नये. तो त्या संशोधनातल्या पद्धतीला जोडलेला आहे, आणि दोन कंपन्यांच्या किटचे आकडे एकमेकांशी सरळ जुळत नाहीत. तुमच्या भागातले, त्याच वयाचे, कधीच धुळीत न गेलेले तीस-चाळीस जण घ्या: ऑफिसातले, गावातले दुकानदार, शिक्षक. त्यात विडी ओढणारे आणि न ओढणारे वेगवेगळे मोजा. त्यांचे आकडे हाच तुमचा खरा पाया. खर्च होतो, पण तो एकदाच. नंतर किट बदलू नका. बदलणं भागच पडलं तर जुन्या आणि नव्या किटवर तेच पंधरा-वीस नमुने शेजारी-शेजारी चालवून फरक लिहून ठेवा.

पायरी ५: आकडा वाचणं

आकडा कमी आला. लगेच सिलिकोसिस? थांबा.

धूम्रपानाने सीसी१६ कमी होतं. सीओपीडी आणि दम्यातही कमी असतं. पंचवीस वर्षं विडी ओढणाऱ्या फेटलरचा आकडा ७ आला, तर त्यात विडीचा वाटा किती आणि वाळूचा किती हे रक्त सांगू शकत नाही. त्याला एक्स-रेला पाठवायचंच, फक्त निदान तोंडातून काढायचं नाही.

याहून धोक्याची गोष्ट उलट बाजूला आहे. सीसी१६ इतकं छोटं प्रथिन आहे की मूत्रपिंड ते सहज गाळून टाकतं. मूत्रपिंड थकलं की ते रक्तात साचतं आणि आकडा फुगतो. सिलिकाची धूळ मूत्रपिंडालाही इजा करते, म्हणजे ज्या माणसाला धूळ जास्त लागली त्याचाच आकडा चांगला दिसण्याची शक्यता. क्रिएटिनिन त्यासाठी घ्यायला सांगितलं. ते वाढलेलं असेल तर सीसी१६ बाजूला ठेवा, तो रिपोर्ट धरूच नका आणि थेट एक्स-रे करा. अशा माणसाला मूत्रपिंडाच्या डॉक्टरकडेही पाठवा. इथे वेगळाच आजार हाती लागलेला असतो.

एकट्या आकड्यापेक्षा रांग महत्त्वाची. पहिल्या वर्षी १४, दुसऱ्या वर्षी १२, तिसऱ्या वर्षी १० असा माणूस ९ च्या वरच आहे, पट्टीवर तिन्ही रेषा आणि कागदावर ‘नॉर्मल’. मला मात्र त्याची काळजी वर्षानुवर्षं ८.५ वर थांबलेल्या विडीवाल्यापेक्षा जास्त वाटते. पट्टीने ही घसरण दिसत नाही, ती एलायझानेच दिसते. म्हणून जिथे जमेल तिथे पट्टी चाळणीसाठी वापरावी आणि जोखमीच्या टोळीचा एलायझा वर्षातून एकदा करावा, असं माझं मत आहे. नव्याने लागलेल्या माणसाचं रक्त पहिल्या आठवड्यातच घ्या. त्याचा स्वतःचा सुरुवातीचा आकडा हाताशी असेल तर पुढे तुलनेसाठी दुसऱ्या कोणाची गरज लागत नाही.

आणि चांगला आकडा आला म्हणून कोणाला धुळीत परत पाठवू नका. लायनिंग तोडणाऱ्याला ‘रक्त चांगलं आहे, कर काम’ असं सांगणं या चाचणीचा सर्वांत वाईट वापर आहे, आणि तो व्हायला वेळ लागत नाही.

बाकीच्या मार्करबद्दल थोडक्यात

केएल-६ आणि सर्फॅक्टंट प्रोटीन-डी हे दोन मार्कर जपानमध्ये फुफ्फुसाच्या फायब्रोसिससाठी, म्हणजे फुफ्फुस कडक होण्यासाठी, नेहमीच्या वापरात आहेत, तिथे केएल-६ ची मर्यादा ५०० युनिट प्रति मिलिलिटर धरतात. ते धुळीच्या आजारात वाढू शकतात, पण इतर कारणांच्या फायब्रोसिसमध्येही वाढतात. रोग किती सक्रिय आहे हे पाहायला ठीक, चाळणीला नाही. सिलिकोसिसमध्ये एसीई हे रक्तातलं एन्झाइम वाढलेलं सापडतं, पण ते सारकॉइडोसिस या दुसऱ्याच आजारातही वाढतं आणि गोंधळ वाढवतं. टीएनएफ-अल्फा, इंटरल्यूकिन-८ वगैरे संशोधनापुरते. लॅबने ‘लंग प्रोफाइल’ म्हणून पाच-सहा हजारांचं पॅकेज पुढे केलं तर नम्रपणे नको म्हणा.

सांधे दुखणं, बोटं थंडीत पांढरी पडणं, कातडी ताठरणं अशा तक्रारी असतील तर एएनए आणि ऱ्हुमेटॉइड फॅक्टर या रक्तचाचण्या करा. सिलिकाने स्वतःच्याच शरीरावर उलटणारे संधिवाताचे आजार होतात, आणि फौंड्रीतल्या माणसाचा संधिवात ‘वजन उचलून झालं’ म्हणून वर्षानुवर्षं दुर्लक्षित राहतो.

ॲस्बेस्टॉसच्या कामगारांत मेसोथेलिन हे प्रथिन मेसोथेलिओमा या कर्करोगाच्या पाठपुराव्यासाठी वापरतात, धुळीने होणाऱ्या अॅस्बेस्टॉसिससाठी नव्हे. बेरिलियम या धातूच्या धुळीची गोष्ट सगळ्यांहून वेगळी. तिथे रक्तातल्या लिम्फोसाइटना बेरिलियम दाखवून त्या वाढतात का हे बघतात, आणि ही चाचणी निदानाचा खरा आधार मानली जाते. पेशी जिवंत पोचाव्या लागतात, म्हणून नमुना साध्या कुरिअरने पाठवून चालत नाही.

इचलकरंजी, भिवंडी, मालेगावच्या सुताच्या धुळीसाठी यातलं काहीच चालवू नका. कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिसमध्ये सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळते. तिथे पाळीच्या आधी आणि पाळीनंतर फुंकणी, म्हणजे स्पायरोमेट्री, केली की रक्तापेक्षा किती तरी जास्त कळतं.

पायरी ६: ज्याचा आकडा खाली आला त्याचं पुढे काय?

आठवड्याच्या आत छातीचा एक्स-रे, समोरून, पूर्ण श्वास घेऊन. तो वाचताना आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची पद्धत वापरणारा डॉक्टर शोधा. त्या पद्धतीत ठिपक्यांची दाटी ०/- पासून ३/+ पर्यंत बारा पायऱ्यांवर मांडतात, आणि साधारणपणे १/० पासून पुढे रोग धरतात. ठिपके गोल आणि वरच्या भागात असतील तर सिलिका, वेडेवाकडे आणि खालच्या भागात असतील तर ॲस्बेस्टॉसकडे बोट जातं. ‘बायलॅटरल हेझिनेस, क्लिनिकल कोरिलेशन’ एवढं लिहून आलेला रिपोर्ट ना उपचाराला कामाचा ना दाव्याला. तो परत पाठवा.

एक्स-रे साफ असेल आणि आकडा सलग दोनदा खाली असेल, तर शक्य असल्यास एचआरसीटी, म्हणजे छातीचा बारकाईचा सीटी स्कॅन. सोबत स्पायरोमेट्री आणि मिळालीच तर डीएलसीओ (फुफ्फुसातून रक्तात वायू किती जातो हे मोजणारी चाचणी).

टीबी तर पाहायचाच. सिलिका खाल्लेल्या मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशी क्षयाचे जंतू मारण्यात कमी पडतात, म्हणून धुळीतल्या माणसाला टीबी जास्त होतो आणि तो बरा व्हायला जास्त वेळ लागतो. खोकला दोन आठवड्यांवर गेला, वजन उतरलं, संध्याकाळी कणकण असेल तर थुंकी सीबीनॅट किंवा ट्रूनॅट या टीबीच्या चाचणीला पाठवा. सरकारी केंद्रात ते मोफत आहे. सिलिकोसिस पक्का झालेल्या पण टीबी नसलेल्या माणसाला प्रतिबंधक गोळ्या द्यायच्या का, हे जिल्हा क्षयरोग केंद्रात विचारा. राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत सिलिकोसिसचे रुग्ण त्या गटात धरलेले आहेत. उलटी चूकही रोजची आहे: सिलिकोसिसचे ठिपके बघून थुंकी न तपासताच टीबीची औषधं सुरू करायची, सहा महिने देऊन पाहायची, आणि माणूस परत त्याच नॉकआउटवर.

पायरी ७: धूळ बंद करणं

पाच-सात जणांचे आकडे एकाच खात्यातून खाली आले तर तो त्या खात्याचा रिपोर्ट आहे. हवेतली धूळ मोजून घ्या, माणसाच्या गळ्याशी पंप लावून, पूर्ण पाळीभर. अमेरिकेत श्वासात जाणाऱ्या स्फटिक सिलिकाची मर्यादा २०१६ च्या नियमाने आठ तासांना ०.०५ मिलिग्रॅम प्रति घनमीटर झाली. आपल्या कारखाने अधिनियमात सूत्र होतं: श्वासात जाणाऱ्या धुळीतल्या क्वार्ट्‌झच्या टक्केवारीत २ मिळवा आणि १० ला त्याने भागा, उत्तर मिलिग्रॅममध्ये. क्वार्ट्‌झ २० टक्के असेल तर १० भागिले २२, म्हणजे धुळीची मर्यादा ०.४५ च्या आसपास, आणि त्या धुळीतली सिलिका ०.०९. अमेरिकेच्या जवळजवळ दुप्पट. म्हणून ‘मर्यादेत आहे’ असं प्रमाणपत्र मिळालं तरी आकडा स्वतः पाहा.

उपाय जुनेच आहेत. नॉकआउटला हूड आणि सक्शन, वाळूऐवजी बंद कॅबिनमध्ये स्टीलच्या शॉटने ब्लास्टिंग, दगड कापताना पाण्याची धार, झाडूऐवजी व्हॅक्यूम. लायनिंग शक्यतो यंत्राने ढकलून काढायचं, आणि हाताने तोडावंच लागलं तर आधी भिजवून, बाहेरून हवा देणारा मास्क लावून. कापडी रुमाल किंवा निळा सर्जिकल मास्क याचा काही उपयोग नाही. एन९५ दाढीवर नीट बसत नाही. ज्याच्या रक्ताचा आकडा उतरतोय त्याला मास्क देऊन त्याच जागी ठेवणं म्हणजे खर्च वाचवणं.

कागद

सिलिकोसिस कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत तो होता, २०२० च्या संहितेच्या अनुसूचीतही आहे. कारखाने अधिनियमाच्या ८९ व्या कलमाने मालकासोबत उपचार करणाऱ्या डॉक्टरवरही ही जबाबदारी होती आणि नव्या संहितेतही ती आहे. महाराष्ट्रात हा अहवाल औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे जातो. सीसी१६ कमी आलं, एवढ्यावर कळवायचं नसतं. निदान झालं की कळवायचं. नुकसानभरपाईसाठीही तसंच: कामाचा इतिहास आणि एक्स-रे यांवर दावा उभा राहतो, रक्ताचा आकडा फार तर जोडपत्र म्हणून लागतो. ईएसआय (कामगार राज्य विमा) असेल तर त्यांच्या वैद्यकीय मंडळाकडे, नसेल तर कर्मचारी नुकसानभरपाईच्या मार्गाने, जो आता सामाजिक सुरक्षा संहितेत आला आहे.

कामाचा पुरावा नसेल तर काय होतं, हे गुजरातमधल्या क्वार्ट्‌झ क्रशरवर गेलेल्या मध्य प्रदेशातल्या आदिवासी मजुरांनी भोगलं आहे. त्यातल्या २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपये गुजरात सरकारने द्यावेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये दिला. ज्या याचिकेत तो आला ती २००६ सालची होती. तेव्हा ठेकेदाराच्या माणसाला सांगा: हजेरीच्या चिठ्ठीचा, गेटपासचा, टोळीसोबतच्या फोटोचा मोबाइलवर फोटो काढून घरच्या कोणाला तरी पाठवून ठेव. प्रत्येक वर्षाचा सीसी१६ चा रिपोर्ट, एक्स-रेची मूळ फिल्म किंवा सीडी, फुंकणीचा कागद एकाच प्लास्टिकच्या फाइलमध्ये, आणि ती फाइल कारखान्यात नाही, त्याच्या घरी.